पाटिंघे टेकडी, उंची ४२०० फूट

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत एक काचेचे कपाट असते. त्यात पिवळट पडलेल्या द्रावणात बुडालेला एखादा साप, दोन-तीन बेडूक, एक विंचू आणि कुठल्या तरी माशाची बरणी असते. बरणीवरच्या चिठ्ठीवर 'साप' एवढेच लिहिलेले असते. पुष्कळदा चिठ्ठीच गळून पडलेली असते. अशी कपाटे आम्ही बरीच पाहिली आहेत. हा साप कुठे सापडला, कधी सापडला, कोणी आणला, असे विचारले की शिक्षक हसून म्हणतात, "तो आमच्या आधीपासून आहे."

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आपल्या देशातून गेलेली एक लहानशी पाल अशीच जपून ठेवलेली आहे. तळहातावर सहज मावेल एवढी. फरक इतकाच, की ती कुठून आली याची नोंद तिच्याबरोबर आहे: जेपोर, पाटिंघे टेकडी, उंची ४२०० फूट. या तीन गोष्टींच्या आधाराने सव्वाशेहून अधिक वर्षांनी तिचे भाऊबंद पुन्हा सापडले. ही हकीकत त्या पालीची आहे, आणि तिच्यापेक्षाही थोडी जास्त त्या नोंदीची आहे.

भिंतीवर न चढणारी पाल

पाल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ट्यूबलाइटजवळ टपून बसलेली, छतावर उलटी धावणारी घरातली पाल येते. तिच्या बोटांखाली पसरट गाद्या असतात. त्या गाद्यांवर अतिशय बारीक, टोकाला फुटलेल्या केसांचे दाट रान असते. हे केस पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षणसुद्धा, सगळे मिळून, तिचे वजन पेलते. त्यात चिकट द्रव नाही आणि हवा ओढून घेणेही नाही.

पण सगळ्याच पालींना अशा गाद्या नसतात. जंगलात राहणाऱ्या कितीतरी पालींची बोटे बारीक, सांध्यापाशी किंचित वाकलेली असतात आणि टोकाला नुसती नखी असते. आपली गोष्ट ज्या पालीची आहे ती याच घोळक्यातली. तिचे आजचे शास्त्रीय नाव सिर्टोडॅक्टिलस जेपोरेन्सिस. सिर्टोडॅक्टिलस म्हणजे वाकड्या बोटांची, जेपोरेन्सिस म्हणजे जेपोरची. या प्रजातीत तीनशेहून अधिक जाती आहेत. (प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे व्यक्तीचे नाव, असे वर्गात सांगितले तर मुलांना चटकन समजते.) त्यांतल्या पुष्कळ जाती झाडांवर, खडकांवर, गुहांत राहतात. भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत मात्र या आडनावाची एक शाखा जमिनीवरच वावरते. दिवसा दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात दडून बसायचे आणि अंधार पडला की किडे टिपायला बाहेर पडायचे, असा तिचा दिनक्रम. या शाखेला गेकोएला असे उपनाव आहे. ते जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८६७ साली दिले.

या पालींना भिंत चढता येत नाही, म्हणून त्या घरात येत नाहीत. घरात येत नाहीत, म्हणून माणसाला दिसत नाहीत. रंग मातीचा, वेळ रात्रीची आणि जागा पाचोळ्याखालची. एखाद्या प्राण्याने दृष्टीआड राहायचे ठरवले असते तरी त्याला याहून चांगली व्यवस्था करता आली नसती. जेपोरच्या पालीच्या पाठीवर बहुतेक पालींसारखे रव्याएवढे बारीक दाणे नसून मोठे, चपटे, ओळीत बसवल्यासारखे खवले आहेत. त्यामुळे ही पाल एकदा हाती आली की ओळखायला अवघड नाही. अडचण होती ती हाती येण्याचीच.

लष्करातून जंगलात

ही पाल प्रथम हाती लागली ती रिचर्ड हेन्री बेडोम यांना. जन्म १८३०. अठराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या फौजेत दाखल झाले. मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न यांच्या देखरेखीखाली वनखाते १८५६ साली सुरू झाले होते. कारण सरळ होते: रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवे होते आणि ते संपत चालले होते. बेडोम या खात्यात आले, पुढे क्लेगहॉर्न यांच्या जागी खात्याचे प्रमुख झाले आणि १८८२ पर्यंत त्या कामावर राहिले.

सरकारने त्यांना लाकूड मोजायला नेमले होते, पण त्यांचे लक्ष लाकडाखालच्या जमिनीवरही होते. नेचे, गोगलगायी, बेडूक, बिळात राहणारे साप, पाली असे जे दिसेल ते त्यांनी गोळा केले. दक्षिण भारतातल्या नेच्यांवरची आणि वृक्षांवरची त्यांची सचित्र पुस्तके आजही वापरात आहेत. १८७० साली तर मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकात त्यांनी पालींच्या नव्या जातींची मालिकाच छापली. वैद्यकीय मासिकात पाली कशा, असे आज वाटेल. पण त्या वेळी आपल्याकडे विज्ञानाचे छापील पान मिळेल तिथे मिळवावे लागत होते.

बेडोम यांची एक सवय आम्हाला विशेष वाटते. प्राणी कुठल्या डोंगरावर मिळाला हे लिहिताना ते पुष्कळदा उंचीही लिहीत. त्या काळी डोंगराची उंची हवेच्या दाबावरून किंवा पाणी किती तापमानाला उकळते यावरून काढत. वर जावे तसा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. हा प्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकात आहे; तो कशासाठी होता हे मात्र पुस्तकात नसते. जेपोरच्या पालीसाठी बेडोम यांनी लिहिले ४२०० फूट, म्हणजे सुमारे १२८० मीटर. नमुना एकच होता.

या पालीच्या वर्णनाला १८७७ म्हणावे की १८७८, हा एक छोटा गोंधळ जुन्या पुस्तकांत दिसतो. बेडोम यांनी तिला दिलेले मूळ नाव होते जिम्नोडॅक्टिलस जेपोरेन्सिस. ते लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या १८७७ सालच्या कार्यवृत्तात आहे, पण त्या वर्षाचा शेवटचा भाग प्रत्यक्षात छापून निघाला १८७८ मध्ये. नाव कोणी आधी दिले यावर प्राणिशास्त्रात नावाचा हक्क ठरतो आणि तो छापून निघालेल्या तारखेवर ठरतो, लिहिलेल्या किंवा वाचून दाखवलेल्या तारखेवर नाही. म्हणून आता १८७८ लिहितात.

कुठले जयपूर?

जेपोर हे नाव इंग्रजी स्पेलिंगमधून वाचले की पहिला विचार राजस्थानचा येतो. हे ते जयपूर नव्हे. पूर्व घाटाच्या उत्तर टोकाला जेपोर नावाची मोठी जमीनदारी होती. ती मद्रास इलाख्याच्या विशाखापट्टणम जिल्ह्यात मोडत असे. १ एप्रिल १९३६ रोजी ओरिसा हा वेगळा प्रांत झाला, तेव्हा हा डोंगराळ मुलूख मद्रासमधून निघून तिकडे गेला आणि त्याचा कोरापुट जिल्हा झाला. म्हणजे मद्रास इलाख्याची म्हणून जगापुढे आलेली पाल आज ओडिशाची आहे, आणि त्यासाठी तिला एक पाऊलही टाकावे लागलेले नाही.

टेकडीच्या नावाचेही तसेच. उच्चार ऐकून इंग्रजीत लिहिलेले 'पाटिंघे' आजच्या नकाशात त्याच रूपात शोधून उपयोग नाही. कोरापुट जिल्ह्यात पोट्टांगी नावाचे गाव आहे. ओडिशातले सर्वांत उंच शिखर देवमाळी, १६७२ मीटर, याच भागात आहे. पाटिंघे आणि पोट्टांगी ही नावे पाठोपाठ उच्चारून पाहावीत. भूगोलाच्या शिक्षकांना हा खेळ नवा नाही. नावे बदलतात, सरहद्दी बदलतात. त्या तीन गोष्टींमधली न बदललेली एकच: ४२०० फूट.

मधली शांतता

यानंतरची कित्येक वर्षे सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही, आणि हीच त्या काळाची गोष्ट आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या सरड्या-पालींची मोठी सूची जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर यांनी १८८५ पासून छापायला घेतली. तिच्यात पाल आली, नमुना तोच एक. माल्कम स्मिथ यांनी १९३५ साली भारतातल्या सरड्या-पालींवरचा ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. त्यातही पाल आहे, नमुना तोच एक. म्हणजे तिच्याविषयी जे जे लिहिले गेले ते ते एकाच बरणीकडे पाहून.

बदलत राहिले ते फक्त तिचे आडनाव. बेडोम यांनी वापरलेल्या जिम्नोडॅक्टिलस या नावाचा अर्थ उघड्या बोटांची, म्हणजे गाद्या नसलेली. पण हे नाव मुळात ब्राझीलमधल्या पालींना १८२५ साली दिलेले होते. गाद्या नाहीत एवढ्याच कारणावरून जगभरच्या पाली त्या एका नावाखाली कोंबल्या गेल्या होत्या. एखादी गोष्ट नसणे हा नात्याचा चांगला पुरावा नसतो; टोपी न घालणारे सगळे एका घरातले नसतात. १९५४ साली गार्थ अंडरवुड यांनी पालींच्या डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार पाहून या सगळ्याची फेरमांडणी केली, आणि आशियातल्या वाकड्या बोटांच्या पाली ब्राझीलच्या पालींपासून वेगळ्या काढल्या गेल्या.

पण एवढ्या वर्षांत पुन्हा कोणी त्या डोंगरावर का गेले नाही? सह्याद्रीला, विशेषतः निलगिरी आणि केरळच्या डोंगरांना, अभ्यासकांची कधी वाण पडली नाही. पूर्व घाट मात्र सलग भिंतीसारखा नाही. नद्यांनी तुकडे तुकडे केलेली ती डोंगरांची रांग आहे. जेपोरचा मुलूख हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. तिथे रस्ते नव्हते आणि थंड हवेचे मोठे ठाणेही नव्हते. इंग्रज साहेब जिथे उन्हाळ्यात जात, तिथले बेडूक आणि पाली पुस्तकांत जास्त आल्या, असे आमचे मत आहे. नकाशा आणि सूची शेजारी ठेवून कोणीही ते पडताळून पाहावे.

पूर्व घाटाकडे पाठ फिरवल्याने आणखीही प्राणी हरवल्यासारखे झाले होते. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जाई. १९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भारत भूषण यांना तो एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्याच्या मदतीने आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात सापडला. शास्त्रज्ञांच्या लेखी संपलेला पक्षी गावकऱ्यांना ठाऊक होता.

खोटी चिठ्ठी

खरी नोंद किती उपयोगाची असते हे कळायला खोटी नोंद काय करते ते पाहावे. त्याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे, म्हणून पालीला थोडा वेळ थांबवून ते सांगतो.

रानपिंगळा या घुबडाचे वर्णन १८७३ साली झाले. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने होते. खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत त्यांतले काही गोळा केले. त्यानंतरचा एकच नमुना होता: १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला, अशी त्याची चिठ्ठी सांगत होती. तो कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात होता. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही पक्षी मिळाला नव्हता.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उलगडा झाला. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसन यांचा नमुना संग्रहालयातून उचलला होता, तो नव्याने शिवून घेतला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ही चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी नंदुरबार जिल्हा झाला. म्हणजे इथेही चिठ्ठीवरचा जिल्हा बदलला, पक्षी जागच्या जागीच राहिला.

सहलीत मुलांना सापडलेले पीस, सापाची कात, रिकामा शंख वर्गात आला की त्याच्याबरोबर तारीख, जागा आणि आणणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, ते याचसाठी. जिवंत पाल किंवा साप मात्र पकडून आणू देऊ नये. ते आता कायद्याने आणि शहाणपणानेही चालत नाही. छायाचित्र आणि टिपण पुरे होते.

पुन्हा भेट

आता पालीकडे परत येऊ. इशान अगरवाल, अनिरुद्ध दत्त-रॉय, आरोन बाउअर आणि वरद गिरी यांचा लेख 'हमाद्र्याद' या सरीसृपांविषयीच्या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला: जेपोरची जमिनीवरची पाल पुन्हा सापडली आहे, आणि तीही एकाच डोंगरावर नव्हे, तर ओडिशा आणि आंध्र प्रदेश अशा दोन्ही राज्यांतल्या पूर्व घाटात. यांतले वरद गिरी हे नाव महाराष्ट्रातल्या निसर्गप्रेमींच्या चांगल्या ओळखीचे आहे.

उंचीची नोंद इथे कशी उपयोगी पडते ते पाहण्यासारखे आहे. कोरापुटच्या पायथ्याचे रान उन्हाळ्यात कोरडे पडते. हजार मीटरच्या वर हवा थंड होते, ढग अडकतात, ओढ्याकाठी दाट ओलसर झाडी टिकून राहते. ४२०० फूट हा आकडा असल्यामुळे कुठल्या प्रकारच्या जंगलात शोधायचे हे कळते, आणि हजारो चौरस किलोमीटरचा मुलूख डोंगरमाथ्यांच्या काही ठिपक्यांवर येतो. पाटिंघे नेमके कोणते हे बाजूला ठेवले तरी चालते.

जिवंत पाल मिळाल्याने काय साधले? एक तर तिचा खरा रंग समजला. स्पिरिटमध्ये शंभर वर्षे ठेवलेला कोणताही प्राणी शेवटी फिकट तपकिरी होतो. दुसरे, ताज्या ऊतींतून डीएनए तपासता आला, म्हणजे नात्याचा पुरावा बोटांवर आणि बाहुल्यांवर अवलंबून राहिला नाही. अगरवाल आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंथ यांनी २०१५ साली जमिनीवरच्या या सगळ्या पालींची वंशावळ मांडली. तिच्यातून दिसले ते असे, की द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत या शाखेच्या जाती पुस्तकांतल्या नावांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. २०१६ साली त्यांतल्या तीन जातींना नावे मिळाली. पश्चिम भारतातल्या एका जातीचे नाव सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी ठेवले गेले.

आपल्या सह्याद्रीतही या शाखेची एक देखणी पाल आहे. गडद तपकिरी अंगावर फिकट पट्टे. आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६४ साली तिचे नाव ठेवले डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनची. दख्खन! एवढ्या पत्त्यावर पोस्टमन पत्रसुद्धा पोचवणार नाही. ती पाल दुर्मीळ नव्हती आणि पावसाळ्यात सह्याद्रीत भेटत राहिली, म्हणून निभावले. जेपोरची पाल 'मद्रास' एवढ्याच पत्त्यावर लंडनला गेली असती तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

त्याच उंचीवर आणखी काही

कोरापुटच्या डोंगरमाथ्यांवर आणखी एक गोष्ट आहे: बॉक्साइट. उष्ण हवेत आणि भरपूर पावसात लाखो वर्षे खडक झिजत राहिला की त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. सपाट माथ्यावर पाणी मुरते, उतारावर वाहून जाते. म्हणून बॉक्साइटचे थर डोंगरांच्या टोप्यांसारखे वरच बसलेले असतात. कोरापुट जिल्ह्यातल्या पंचपटमाळीच्या पठारावर देशातली एक फार मोठी बॉक्साइटची खाण १९८० च्या दशकापासून चालू आहे. पूर्व घाटातल्या इतर माथ्यांवरचे साठेही मोजून झालेले आहेत.

ज्या पावसाने आणि ज्या उंचीने बॉक्साइट तयार केले, त्याच पावसाने आणि उंचीने ते ओलसर जंगलही राखले. त्यामुळे खाणीचा नकाशा आणि पालीचा नकाशा एकमेकांच्या फार जवळून जातात. घरातली पाल एका घरातून दुसऱ्या घरात जाते, ट्रकमधून शहरे बदलते. जेपोरच्या पालीला दोन माथ्यांमधली कोरडी दरी हाच समुद्र आहे. एका माथ्यावरून उठवले तर ती शेजारच्या माथ्यावर चालत जाऊ शकत नाही, आणि आणखी वर जायला डोंगर शिल्लक नसतो.

खाण संपलेल्या जागी माती परत टाकून झाडे लावतात, आणि काही वर्षांत लांबून डोंगर हिरवा दिसू लागतो. या पालीला मात्र झाडापेक्षा झाडाखालचे हवे असते: वर्षानुवर्षे कुजत आलेला पाचोळा, त्यातले किडे, आणि ज्यांच्याखाली दुपारीही ओल राहते असे मोकळे दगड. खाणीत पहिल्यांदा खरवडून काढला जातो तो हाच वरचा थर. पालीच्या बाजूने बोलायचे तर ती तिथे आहे हे आधी दाखवावे लागते, आणि २०१२ पर्यंत ते दाखवायला लंडनमधल्या एका बरणीखेरीज कोणाजवळ काही नव्हते.